दत्त्या मला साहेब म्हणाला

मंडळी, आज दुपारी केदारखेड्याला पुतणीच्या लग्नाला गेल्तो. पुस्तकाला पुरस्कार मिळाल्यावरची गावाकडची ही पहिलीच चक्कर.

नेहमीप्रमाणे पंगतीत वाढायला वरणाची बादली उचलली, तर बालमित्र दत्तानं ती हातातून काढून घेतली.

"राहू द्या साहेब, तुम्ही स्टेजवर बसा."

"साहेब? दत्त्या, शिव्या विसरला का?"

"न्हाई बाबा, काही बोललं की तुम्ही लिहून टाकताल."

मग शाल-टोपी घालून मला रुखवतातल्या भांड्यासारखं मांडून ठेवलं. तिकडं पंगतीत दत्ता सगळ्यांना हसवून राह्यलता. मी जवळ गेलो, तर गप्प.

माझ्या पुस्तकातलं निम्मं हसू त्याचं आहे.

आणि आता हेही लिहून टाकलंच मी. सांगा, उद्या दत्ताला फोन करू तर कोणत्या तोंडानं?