अजून भूपच

शरयूताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या करंजाड्याला, माझ्या मामेबहिणीच्या हळदीत. मावशी धवले म्हणत होती. आमच्याकडे लग्नात बायका धवले गातात, त्याला पेटी नाही, काही नाही, नुसता गळा. मी मावशीच्या मागे बसून म्हणत होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण कुणाच्या तरी पाठीमागे बसून गाता येतं. नवरी ताईंच्या सोसायटीजवळच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून ताई आल्या होत्या. त्या जेवायला बसायच्या ते सोडून सरळ आमच्याकडे आल्या.

"ही मागून कोण गातेय?"

मावशीनं मला पुढे ढकललं. "ही आमची पूनम. शाळा सोडलीय हिनं, पण गळा नाय सोडला."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "सोमवारी दुपारी तीनला नवीन पनवेलला ये," म्हणाल्या आणि पत्ता सांगितला.

शाळा मी नववीत सोडली. उभं राहून बोलायला लागलं की माझ्या तोंडून "हाय", "नाय" यायचं आणि मागच्या बाकावरची पोरं तेच परत म्हणायची. एक दिवस गेले नाही, मग गेलेच नाही. ताईंच्या गाण्याच्या क्लासला पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मला सरगम येत नाय." नीलिमा मॅडम फिसकन हसल्या. ताई लगेच म्हणाल्या, "नीलिमा, तिचं बोलणं तिला राहू दे. तू तुझा निषाद सांभाळ." त्या दिवशी मला वाटलं, इथे आपण राहू शकतो.

मला भराभर लिहिता येत नाही, म्हणून ताईंनी स्वतः मोठ्या अक्षरात मला वही करून दिली. बंदिश एका पानावर, आलाप दुसऱ्या. त्यांची बोटं दुखतात तरी पूर्ण वही त्यांनी लिहिली. ती माझ्याकडे आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच की पोरगी उपकार विसरली.

आमची दुपारची बायकांची बॅच. सगळ्यांची पट्टी एकच, काळी चार. ताईंची पद्धत अशी की तंबोरा लावून झाला की त्या एकेकीला विचारतात, "सध्या काय चाललंय?" मग प्रत्येकीनं आपला राग सांगायचा. देशमुखकाकू बँकेतून रिटायर झाल्यात, त्यांचा यमन चाललाय, तीन वर्षं. "अजून आलापच बसवतेय ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नीलिमा मॅडम दातांच्या डॉक्टर, त्यांचा बिहाग. "पेशंटच्या तोंडात कापूस घालते आणि गुणगुणत बसते. बिचाऱ्याला नको म्हणता येत नाही," असं त्या सांगतात आणि बॅच हसते. मग माझी पाळी.

"भूप," मी म्हणायचे.

"अजून भूपच?" देशमुखकाकू. मग परत हसणं.

अकरा महिने मी भूपच म्हटला, एकच बंदिश. माझ्यानंतर आलेल्या दोघी कॉलेजवाल्या दुर्गा आणि देसला पोचल्या. कारण एकच. मी गंधारावर गेले की ताई पेटीची तीच पट्टी दाबून धरायच्या. "चढतोय. खाली ये." मी खाली यायचे. खाली आलं की तंबोऱ्याशी भांडण व्हायचं. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप निघतो, कुणी लावत नाही तो. नीट ऐकलं की येतो. तो एक सांगायचा आणि पेटी दुसरंच सांगायची.

आधी मला वाटलं माझंच चुकतंय. मला तर शाळेतही सगळं चुकतच होतं. मी घरी मोरीत बादलीवर तोंड धरून गंधार घोटायचे. आई म्हणायची, "बाय, त्या एका सुरावर काय अडलीस गो?" हळूहळू लक्षात आलं की पेटीची ती पट्टीच उतरलीय. आणि आमची पूर्ण बॅच, यमनवाली काय, बिहागवाली काय, सगळ्या त्या उतरलेल्या गंधाराला धरून गातायत. अगदी एका सुरात. बाहेरचा कुणी आला तर त्याला वाटेल, या बायकांनी ठरवून चूक केलीय.

एका गुरुवारी ताई चौथ्यांदा म्हणाल्या, "चढतोय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मी नाय चढत. पेटी उतरलीय."

 ती पेटी ताईंना त्यांच्या गुरूंनी दिलेली. तिला आम्ही हातसुद्धा लावत नाही.

देशमुखकाकू म्हणाल्या, "अगं, ताईंच्या कानाला शिकवतेस? शाळेतपण असंच करत होतीस का?"

मी ताईंकडे बघत होते. एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा ती पट्टी तंबोऱ्याबरोबर वाजवून बघावी. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "आजच्यापुरतं झालं," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

लिफ्टमध्ये नीलिमा मॅडम मला हळूच म्हणाल्या, "मला पण कधीपासून वाटत होतं गं. पण ताईंना कोण सांगणार?" ताईंवरच्या पुस्तकात तुम्ही सगळ्या हे वाचणार आहात म्हणून लिहिते. दातांच्या डॉक्टर, बँकेतल्या मॅडम, दोन कॉलेजवाल्या. एवढ्या शिकलेल्यांत सांगायला कोण उरलं, तर मी.

मग मी जायचं बंद केलं. शाळेसारखंच.

महिन्यानं ताई आमच्या घरी आल्या, रिक्षात तंबोरा घेऊन. रिक्षावाला म्हणत होता, "आजी, भोपळ्याचं वेगळं सीट लावू का?" ताईंनी चहासुद्धा घेतला नाही. जमिनीवर बसल्या, तंबोरा छेडला आणि म्हणाल्या, "गंधार दे." मी दिला. त्यांनी वाकून भोपळ्याला कान लावला. तशाच बसल्या. मी सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवला.

"जुळतोय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला पेटी आता ऐकू येत नाही पूनम. बोटांना माहिती आहे म्हणून वाजवते. बाकीच्यांपेक्षा तुझा वेगळा लागायचा, म्हणून चढतोय म्हणायचे."

 आई दारात उभी होती, ती मोठ्यानं बोलली. "मंग ताई, हा सगल्यांच्या समोर सांगा ना. पोर महिनाभर रडते हाय."

ताई तंबोऱ्याला गवसणी घालत म्हणाल्या, "माझ्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम होऊ द्या." मग मला म्हणाल्या, "माझ्यावर पुस्तक काढतायत. बाकीच्या गोड लिहितील. तू हे लिही."

मी परत जायला लागले. पेटी तीच आहे, पट्टी तशीच आहे. "काय चाललंय?" विचारलं की मी भूप सांगते, काकू "अजून?" म्हणतात आणि ताई पेटीकडे बघत राहतात. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात सगळ्या पेटीवर गाणार आहेत, मी नुसत्या तंबोऱ्यावर. नीलिमा मॅडमनी विचारलं, "हिला पेटी का नाही?" ताई म्हणाल्या, "तिला लागत नाही." मी परत आल्यापासून माझ्यासाठी वर्गात त्या तेवढंच बोलल्यात.

देशमुखकाकू या पुस्तकाचं बघतायत. त्यांनी हा लेख परत पाठवला होता, "हे कशाला?" असं लिहून. मी तो ताईंना वाचून दाखवला. जोरात वाचावा लागला, मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या. मी "कमी ऐकू येतं" असं लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "येत नाही, असंच लिही." आणि काकूंना फोन करून सांगितलं, एक शब्द काढायचा नाही.

मला कळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण मला हेही कळतं की जे ताईंनी स्वतः बोलायचं होतं, ते त्यांनी बॅचमधल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या मुलीकडून लिहून घेतलं.

ताईंनी मला गाणं दिलं. त्यांना शंभर वर्षं मिळोत. बोटं दुखायची थांबोत, कानाला चांगलं मशीन बसो, तंबोरा रोज छेडायची ताकद राहो. आणि त्या शंभर वर्षांत एका दुपारी, बॅच भरलेली असताना, पेटी बंद करून त्यांनी एवढंच म्हणावं: पूनमचा गंधार बरोबर होता.