खड्गाचं लग्न मोडणारी बाई

शुभदा टिपणीस लग्नानंतर पुण्याहून दिल्लीत आल्या आणि एका सरकारी कार्यालयात हिंदी अनुवादक म्हणून लागल्या. एक्याण्णवच्या सुमारास त्या मयूर विहारमधल्या सोसायटीत राहायला गेल्या. दिवसभर परिपत्रकांचा अनुवाद करायचा आणि संध्याकाळी ओट्याशी उभं राहून तलवारीच्या, मांत्रिकांच्या कथा लिहायच्या. मराठीत मोठ्यांसाठी असं लिहिणारं त्यांच्या माहितीत कुणीच नव्हतं.

त्यांची नायिका खड्गा, पैशासाठी तलवार चालवणारी चाळिशीतली बाई. पुण्याच्या एका संपादकांनी सुचवलं, हिला विशीतली करा, बालवाचकांना आवडेल.

"विशीतली मुलगी मांत्रिकाला घाबरेल," शुभदाताईंनी कळवलं. "हिला त्याचा कंटाळा आलाय."

कथा परत आल्या. मग त्यांनी स्वतःच त्या हिंदीत केल्या आणि जुन्या दिल्लीतल्या एका प्रकाशकाकडे नेल्या. तो बसस्टँडवर खपणाऱ्या स्वस्त कादंबऱ्या छापायचा. त्यानं पुस्तकं काढली, पण लेखक म्हणून एक बनावट पुरुषी नाव टाकलं. मागे कुणा मिशाळ माणसाचा फोटो. खड्गा लोकांपर्यंत पोचतेय ना, म्हणून ताई गप्प बसल्या.

पुस्तकं खपली. मग घरोघरी केबल टीव्ही आला, लोक मालिकांत रमले, खप घटला आणि प्रकाशकानं त्यांना बोलावून घेतलं.

"मॅडम, ज़माना बदल गया. अगली किताब में खड्गा की शादी करवाइए."

"नहीं करवाऊँगी."

"लेखक का नाम तो हमारा है. किसी और से लिखवा लेंगे."

"नाम रखिए. खड्गा मेरी है."

त्यानं खरंच दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मुखपृष्ठावर मेंदी लावलेली खड्गा, तलवार नवऱ्याच्या पायाशी. शुभदाताईंनी ते पुस्तक बसमध्येच वाचून काढलं. घरी येऊन त्या पर्स खाली न ठेवताच नवऱ्याला, मुरलीधरांना, म्हणाल्या,

"अहो, खड्गाचं लग्न लावलं त्यांनी."

"मग आता?"

"मोडते."

नव्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात खरी खड्गा त्या मांडवात शिरते आणि नवरीच्या तोंडावरचा पदर वर करते. आत मांत्रिकानं चालती केलेली गवताची बाहुली! नवऱ्या मुलाला फरकच कळलेला नसतो.

शाहदऱ्यातल्या एका छोट्या छापखान्यातून ताईंनी पुस्तक स्वतः छापून घेतलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव.

"ऑफिसात कळलं तर? सरकारी नोकरीत परवानगी लागते ना?" मुरलीधरांनी विचारलं.

"कळू दे. लिहिलंय, चोरलेलं नाही."

रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात, त्या सतरंजी टाकून बसल्या. मुरलीधर शेजारी पिशव्या धरून. दुपारी प्रकाशकाचा विक्रेता आला आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडू लागला, "ये नकली है! मालिक केस करेंगे!"

"करने दीजिए," ताई उठून उभ्या राहिल्या. "अदालत में मैं पूछूँगी, वो फोटोवाला आदमी कौन है. उसे ले आइए. मेरे सामने एक पन्ना लिखकर दिखाए."

पुस्तक चाळत उभा असलेला एक बसकंडक्टर मोठ्यानं हसला. "उसमें तो खड्गा रोती ही रहती है, यार. ये वाली दे दो, बहनजी."

खटला कधीच झाला नाही, पण स्वस्त कादंबऱ्या छापणाऱ्या एकाही प्रकाशकानं त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. कार्यालयानं खुलासा मागितला, तो त्यांनी हिंदी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत दिला. बढती लांबली. खड्गाच्या पुढच्या कादंबऱ्या त्यांनी स्वतःच छापल्या, आधी हिंदीत, नंतर मराठीत. मराठीतल्या फारशा खपल्या नाहीत, तरी त्या छापत राहिल्या.

बऱ्याच वर्षांनी एका मराठी मासिकानं त्यांना 'गृहिणींचे छंद' या सदरासाठी लेख मागितला. शुभदाताईंनी उलट टपाली उत्तर धाडलं: "छंद नाही. काम आहे."