मेनेगाचा पोवळ्यांचा हार

दर वसंतात मेनेगाच्या गळ्यात पोवळ्यांचा हार पडायचा, तोही फुकटात. ऊन लागलं की मानेभोवती लालभडक पट्टा उठायचा, हातांची कातडी काळवंडून सोलून निघायची. "मालकीण हार घालून चर्चला जाते, मी खुरपणीला," म्हणत ती स्वतःच हसायची. व्हेनिसच्या वरच्या अंगाला, पियावे नदीकाठच्या त्या गावात असे हार कितीजणींच्या गळ्यात होते. कुणी मनावर घ्यायचं नाही.

इटलीला नवा राजा मिळाला होता, ताटात मात्र तोच मका. तिन्ही त्रिकाळ पोलेंता, म्हणजे मक्याचा घट्ट घाटा. कोंबड्या मेनेगाच्या, अंडी जमिनीच्या मालकाची. न्याय म्हणतात तो हाच. तोंडी लावायला आढ्याला दोरीनं टांगलेला एक खारा मासा. प्रत्येकानं आपला घास त्याला पुसायचा आणि खायचा, चावायचं नाही. हा कायदा मेनेगाचा, आणि तो मोडायची नवऱ्याची, बोर्तोलोचीही टाप नव्हती. तिचा स्वतःचा घास माशाला जेमतेम शिवायचा.

यंदा तिनं घाट्यात दोनदा मीठ घातलं. मग एका सकाळी धाकट्या लेकीला, लुचिएताला विचारलं, "तू कुणाची गं?" बोर्तोलो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

तिचा गळा पाहताच डॉक्टर म्हणाले, "हे नुसतं उन्हाचं नाही, पोटाचं आहे. नुसत्या मक्यानं आधी कातडी जाते, मग डोकं. मक्याखेरीज काहीतरी खाऊ घाल. मासा, अंडी, दूध. नाहीतर हिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागेल." तिकडे गेलेल्या गावातल्या दोघी परतल्या नव्हत्या.

दुपारी बोर्तोलोनं दोरीतून मासा सोडवला आणि अख्खा मेनेगापुढे ठेवला.

"डोकं फिरलं का तुझं? पोरं घास कशावर पुसतील?"

"तुझं फिरू नये म्हणून चाललंय. उद्यापासून अंडीही तुलाच. मालकाला सांगेन, कोल्ह्यानं नेली."

"चावायचं नाही, हा कायदा आहे माझा."

"मग तूच मोड."

ती हटून बसली. तेव्हा लुचिएता बाकावर चढली. आपला घास तिनं रिकाम्या दोरीला चांगला घासला आणि तोंडात टाकला.

"लागते गं चव, आई. तू खा."

मेनेगानं पोरीची हनुवटी धरून तोंड निरखलं.

"लुचिएता," ती म्हणाली, "चोरटे, दोरी चावू नकोस." आणि तिनं माशाचा पहिला लचका तोडला.