दिगंबरची हाडं

दिगंबर गेला हे मला सांगितलं गेलं तेव्हा पहिल्यांदा समजलंच नाही. चौकातला फोनवाला दारात येऊन म्हणाला, "बाई, मंचेरियलहून फोन होता. तुमचे दीर गेले." मी म्हटलं, "हैदराबादले गेला असन. दर महिन्याले जाते तो." आणि तव्यावरची भाकरी उलटली. तो माणूस उंबऱ्यावरच उभा राहिला. "तसं नाही, बाई..." म्हणाला, तेव्हा कळलं. याला आता दीड महिना होत आला. दिवसांना आलेले लोक म्हणाले, देवमाणूस होता. मी काही तसं म्हणणार नाही. हट्टी होता. जेवताना बोलायचा नाही आणि झोपताना बोलणं थांबवायचा नाही. पण त्यानं माझ्यासाठी एक गोष्ट केली, ती मी लिहिली नाही तर माझ्याबरोबर जाईल.

मी लग्न होऊन जैनथजवळच्या या गावात आले तेव्हा दिगंबर सहा वर्षांचा होता. मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, म्हणून त्याचा अभ्यास माझ्याकडे आला. पुढे तो माझ्यापेक्षा पुष्कळ शिकला आणि मंचेरियलच्या कोळसा खाणीत स्टोअरमध्ये लागला. लग्न केलं नाही. खाणीत एक यंत्र बसवायला बाहेरच्या देशातला मिस्त्री आला होता. जाताना त्यानं दिगंबरला एक डबा दिला. डबा कसला, पुठ्ठ्याचं लांबट खोकं. वरून चकचकीत पातळ कागद घट्ट गुंडाळलेला, आणि झाकणावर एका सांगाड्याचं चित्र. आत प्लास्टिकची हाडं. ती चिकटवत गेलं की डायनासोर उभा राहतो. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीची, घराएवढी जनावरं म्हणे. हा डबा बनवणं कारखान्यानं कधीच बंद केलं आहे, हे दिगंबरला नंतर कळलं, आणि तेव्हापासून त्याला नाद लागला. हैदराबादच्या जुन्या बाजारात, खेळण्यांच्या दुकानांच्या माळ्यांवर तो असले जुने डबे शोधत फिरायचा. खाणीच्या क्वार्टरमध्ये कोळशाची धूळ कागदातून आत शिरते म्हणून सगळे डबे माझ्या माळ्यावर आणून ठेवायचा. काही उघडून जोडायचा. पहिला डबा मात्र कधी उघडला नाही.

"काऊन नाही उघडत बे?" मी एकदा विचारलं.

"वैनी, तो उघडायचा नसते. उघडला की मेला."

"लोणच्याची बरणीबी उघडतेत लोक. तुहे डायनासोर काय लोणच्याहून नाजूक हायेत?"

तो हसला आणि फडक्यानं डबा पुसून परत वर ठेवला. महिन्यातून दोनदा यायचा तेव्हा मला राम राम करायच्या आधी माळ्यावर चढायचा. आमचे हे होते तोवर त्याची चेष्टा करायचे. हे गेले, मग मी एकटीच करायची.

हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी दसऱ्याआधी मी घर सारवायला काढलं. डबे अंगणात उन्हाला ठेवले. शेजारची शेवंता कुंपणापाशी आली. "काय व, काय हाये त्याच्यात? खुळखुळ वाजते." माझे हात शेणानं भरलेले. मी मान वर न करता म्हटलं, "काय असन? हाडं हायेत दिगाचे." एवढंच बोलले. माझं तोंड असंच आहे, जेवढं विचारलं तेवढंच सांगते... शेवंता घरात गेली. मला वाटलं, तिला पटलं.

तिची सून महिनाभर चक्कर येऊन पडत होती. म्हशीचंही दूध आटलं होतं. दोन दिवसांत गावभर झालं, की विधवा बाई घरात बंद डब्यांत हाडं ठेवते, उन्हाला लावते. लोकांनी कुठूनसा एक जाणता, म्हणजे मंत्रतंत्रवाला, आणला, त्यानं भानामती सांगितली. आमच्याकडे बाईवर भानामतीचा आळ आला की तिचे दात पाडायचे, म्हणजे तिला मंत्र नीट म्हणता येत नाही. पलीकडच्या गावात एका बाईचे पाडले होते. तिला मी बाजारात पाहिलं होतं. ती पदर तोंडावरून काढायची नाही. गावानं मला दोन दिवसांनी सकाळी चावडीवर बोलावलं. मी बसच्या कंडक्टरजवळ दिगंबरला निरोप दिला. रडले नाही. भाकरी मात्र खाल्ली नाही, खोटं कशाला सांगू.

दिगंबर आला तो सगळे डबे घेऊनच चावडीवर गेला. आधी जोडलेले प्राणी मांडले. लोक म्हणाले, "हे खेळणे हायेत. तो गुंडाळेल डबा उघड. जाणता म्हणते, खरं त्याच्यातच हाये." दिगंबर डब्याकडे बघत राहिला. मला त्याचा रागच आला. माझ्या तोंडावर बेतलंय आणि हा विचार करतोय! मी सगळ्यांदेखत ओरडले, "काऊन थांबला बे? दात तुहे नाही जात!"

त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि कागद कापला.

आत पांढऱ्या काड्यांना चिकटलेली हाडं, हारीनं लावलेली. लोक मागे सरकले. त्यानं एक तोडून शेवंताच्या हातावर ठेवलं. "काकू, दातानं चावून पाय. हाड हाये का प्लास्टिक?" शेवंतानं खरंच चावलं आणि म्हणाली, "अगं माय, हे तं प्लास्टिकच्या बादलीवानी लागते." मग तो तिथंच मांडी घालून जोडायला बसला. शाळेतले तेलुगू गुरुजी म्हणाले, "याला आम्ही राक्षसी बल्ली म्हणतो. बल्ली म्हणजे पाल." "एवढी पाल? मंग इचा किडा केवढा असन?" कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. दुपारपर्यंत जाणता चहा पिऊन कधी गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माणसं एकेक हाड हातात देत होती. एका म्हाताऱ्यानं मानेचा मणका उलटा दिला. दिगंबरला एक केस इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही. पण त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि तो मणका तसाच, उलटा चिकटवला. शेवंताच्या सुनेला पुढे दवाखान्यात नेलं. रक्त कमी निघालं.

तो डबा उघडल्याचं दिगंबर पुन्हा कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, एक खेळणं जोडलं, त्यात काय एवढं.

परवा हैदराबादहून त्याचे एक स्नेही आले, तेही डबे जमवणारे. चांगले मराठी बोलतात. डबे सांभाळतील म्हणून मी सगळे त्यांना दिले. चावडीवर जोडलेला, फळीवरचा तो सांगाडा मात्र दिला नाही. त्यांनी तो उचलला, मानेच्या उलट्या मणक्यावर बोट फिरवलं. म्हणाले, "वहिनी, दिगंबरराव दर महिन्याला याचाच डबा शोधायला यायचे. न उघडलेला. एवढ्या वर्षांत मिळाला नाही. त्यांच्याकडे एक होता म्हणायचे. का उघडला, ते कधी सांगितलं नाही. असा डबा कोणी उघडतं का हो?"

मी त्यांच्या हातातून सांगाडा घेतला आणि फळीवर ठेवला.

"त्यानं उघडला," मी म्हटलं, "म्हणून तं मी तुमच्याशी तोंडावरचा पदर काढून बोलून राह्यली."