लाम्पोची टोपली

येणाऱ्याचे खिसे आधी बघायचा, तोंड नंतर. हाती आलेला फोन बंद आहे ना, हे कानाला लावून पाहायचा. चहात मध ढवळायचा चमचा वरच्या खिशात ठेवायचा. स्वतःचा फोनही सगळ्यांच्या फोनांसोबत टोपलीत टाकायचा. तेवढा मात्र चालू.

गोर्नो पोले गावच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाच्या दारावर हारालाम्पी ऊर्फ लाम्पो असा पहाऱ्याला बसे. मोबाइल नवे होते तेव्हा एका पेशंटच्या उशाशी कुणाचा तरी फोन वाजला आणि औषधाचा पंप थांबला. तेव्हापासून ते दार म्हणजे लाम्पोचं राज्य.

"बोलायचंय? जिना उतरा. तुमच्या हॅलोपायी माझा पेशंट जायचा!"

फेब्रुवारीत संत हारालाम्पीचा दिवस आला. चर्चमध्ये मध मंतरून झाला. बल्गेरियात ज्याच्या नावाच्या संताचा दिवस असतो, त्याला शुभेच्छा द्यायला भांडलेलं माणूसही फोन करतं. लाम्पोची लेक नेवेना स्पेनला गेली होती, परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायला. "घरचा म्हातारा नासका निघाला का?" असं तो बोलून गेला, आणि दोघांचं बोलणं तुटलं. आज ती फोन करणार, नाहीतर कधीच नाही.

टोपलीत त्याचा फोन वाजला. तो झेपावला. तेवढ्यात आतला पंप किंचाळला.

लाम्पो फोन सोडून आत धावला. पंपाशेजारी डॉक्टर पेयचेव्ह उभे, कानाला मोबाइल.

"अरे लाम्पो, उचलत का नाहीस? शुभेच्छा द्यायच्यात! शंभर वर्षं जग!"

"डॉक्टरसाहेब, आधी याला जगू द्या! चला, बाहेर!"

नर्स स्ताम्कानं पंप पुन्हा सुरू केला. पेशंट वाचला. लाम्पो दाराशी आला तेव्हा न उचललेले दोन फोन दिसले. एक डॉक्टरांचा. दुसरा स्पेनचा.

तो हसला. लगेच फोन लावणार होता, पण दारावर दुसरं कुणी नव्हतं. ड्यूटी संपल्यावर लावू, म्हणाला.

ड्यूटी संपायच्या आतच छातीत कळ आली. त्याला त्याच दारातून आत नेलं.

"लाम्पोकाका, नेवेनाला फोन लावून देऊ?" स्ताम्कानं विचारलं.

"इथं? वेड लागलंय का तुला? टोपलीत ठेव. बाहेर आलो की लावतो."

संध्याकाळभर टोपलीत फोन वाजत राहिला. गावातले लोक लाम्पोला दीर्घायुष्य चिंतत होते.

लाम्पो बाहेर आलाच नाही. नेवेनाला फोन लावायचा राहून गेला.