गुळाला नाही म्हणताना

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी कसबा बावड्याच्या शिवारात पाऊल टाकलं, की माणसांच्या आधी गुऱ्हाळाचा वास भेटतो. काहिलीत उसाचा रस रटरटत असतो, खाली चिपाडं धडधडून पेटलेली असतात, आणि त्या कढत्या रसाचा, धुराचा, थंडीनं ओलावलेल्या मातीचा मिळून जो घनगंध पंचगंगेच्या काठाकाठानं पसरत जातो, तो नाकात शिरला की जीव कसा कासावीस होतो. या वासात मी सून होऊन आले, याच वासात माझे केस पिकले. आणि याच वासाला मला आता नाही म्हणायचं होतं.

मला मधुमेह आहे. आमच्याकडं त्याला नुसतं 'शुगर' म्हणतात, तेही लांबच्या पाहुण्याविषयी बोलावं तसं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्याचं सांगितलं, त्या क्षणी मला माझ्या सासूबाई आठवल्या. शुगरनं त्यांची दृष्टी गेली होती. शेवटची काही वर्षं त्या नातवंडांचे चेहरे हातांनी चाचपायच्या आणि "कुणावर गेलंय गं हे?" म्हणून विचारायच्या. मी शाळेत मराठी शिकवते. चार पानं वाचल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. त्या काळोखाची मला भीती वाटली.

मग काय, साखर सोडली! सोडली ती सोडली, वर गावभर सांगत सुटले. चहात घरचा गूळ. आपल्या उसाचा, बिनरसायनाचा, सोन्यासारखा पिवळाधमक गूळ. तो कसा बाधेल? दोन घोट जास्तच प्यायले, म्हटलं औषधच आहे. पुढच्या तपासणीत रक्तातली साखर उतरायची सोडून चढलेली, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावलेला. हसू नका, आमच्या पंचक्रोशीत माझ्यासारखे शहाणे घराघरांत सापडतील.

त्यानंतर गूळही सुटला, पण मी तो व्रत धरल्यासारखा सोडला. पहाटे नदीकडं फेरी, ताटात मोजकी भाकरी, चेहऱ्यावर तपस्विनीचा भाव, आणि घरातल्या प्रत्येकानं माझं कौतुक करावं ही मनोमन अपेक्षा. व्रत म्हटलं की त्याचं उद्यापन आलंच. अहवाल जरा बरा आला, की पुरणपोळीवर तुपाची धार सोडून मी ते यथासांग पार पाडायची. पुन्हा शुगर वर, पुन्हा व्रत. स्वतःचाच संताप यायचा.

हे चक्र थांबलं ते गोठ्यात. धुकं इतकं दाट होतं की दारातला शेवगाही दिसत नव्हता. अंगात कणकण होती, अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी नेहमीप्रमाणं मी म्हशीखाली बादली धरून बसले होते. कडब्याच्या आणि शेणाच्या त्या उबदार वासात, धारेचा आवाज ऐकता ऐकता सहज मनात आलं, की धार किती दिवस काढायची, असं या घरात कुणी कधी विचारलेलं नाही. सण असो, सुतक असो, दारात लग्नाचा मांडव असो, सकाळ-संध्याकाळ बसायचं म्हणजे बसायचं. त्यात त्याग नाही, पुण्य नाही, कौतुक तर मुळीच नाही. मग या देहाचंच तेवढं मी एवढं अवडंबर का माजवलंय? त्यालाही सकाळ-संध्याकाळ बघायचं, बस्स. दूध घेऊन घरात आले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं.

त्या दिवसापासून मी कुणाला डॉक्टरांची सबब सांगितली नाही. फिरायला जायचं, कारण सकाळ झाली. पोळीऐवजी उसळ वाढून घ्यायची, कारण जेवायची वेळ झाली. परवाच्या तपासणीत डोळ्यांचा बिघाड जिथं होता तिथंच थांबल्याचं डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही; पण उरलेलं मला राखता येतं, हे कळल्यावर मी दवाखान्यातून ताठ मानेनं बाहेर पडले.

खरी परीक्षा मात्र गुऱ्हाळावर होती. हंगामाच्या पहिल्या काहिलीचा गूळ देवापुढं ठेवून घरातल्या थोरल्या सुनेच्या हातावर द्यायचा, आणि तिनं खाल्ल्यावरच इतरांनी तोंडाला लावायचा, ही आमच्या घरची रीत. यंदा धाकट्या दिरांनी, आमच्या भावजींनी, कोमट गुळाचा खडा माझ्या तळव्यावर ठेवला. मी तो कपाळाला लावला आणि त्यांच्याच हातात परत दिला.

"मान पोचला, भावजी. आता तुम्ही खावा."

"एवढ्याशानं काय हुतंय, वैनी? घरचा गूळ हाय की!"

"न्हाय खात मी."

आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. भावजींचा चेहरा पडला. ते तसेच वळून काहिलीकडं निघून गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंच्या या लेकाला मी त्याच्याच गुऱ्हाळावर दुखावलं होतं. तरी हात पुढं करावासा वाटला नाही.

अंधारून आल्यावर मी काहिलीजवळ उभी होते, तर ते माझ्यामागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण. पण एरवी अख्ख्या शिवाराला ऐकू जाणारा तो आवाज पार खाली उतरला होता.

"वैनी, आईला पयल्यांदा काय व्हायचं वो? डोळ्याम्होरं काळं काळं तरंगायचं काय?"

मी वळून पाहिलं. वाफेच्या पडद्याआड त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मुठीतला गूळ मात्र दिसत होता, न खाल्लेला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

ते जवळ सरकले. नुसते उभे राहिले, लहान मुलानं आईजवळ उभं राहावं तसे. आणि मी मात्र इतके दिवस समजत होते, की मी फक्त माझेच डोळे राखते आहे.