बिनमिरचीचं भरीत

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. चुलीच्या धुराने मिटलेले डोळे आत्ता कुठे उघडलेत.

आज भडगावला, गिरणेकाठी, टेरिकॉट आणि घड्याळं घरी ठेवून आपलं मंडळ यादवकाळातला एक दिवस जगलं. स्वयंपाक माझ्याकडे होता. सकाळीच मंडळाचे इतिहासाचे सर म्हणाले, "आबा, तेव्हा आपल्याकडे मिरची नव्हती." खान्देशात बिनमिरचीचं भरीत कोण खाणार?

मिरे आणि सुंठ ठेचून घातली. पहिल्याच घासाला शेजारचे नाना हसले, "आबा, हाई भरीत शे का काढा?" आता पंगत उठते, असं वाटलं. पण थोड्या वेळाने तेच नाना अजून मागत म्हणाले, "आखो वाढ."

मडकं पुसून खाल्लं हो सगळ्यांनी! चौथी शिकलेल्या माझी छाती फुगली.

फक्त, शेंगदाणेही तेव्हा नव्हते म्हणे, म्हणून त्याऐवजी तीळ घातलेत. तीळ तरी होते ना तेव्हा? जिवाला घोर लागलाय, लवकर कळवा.